रुई एक की दोन?

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याचा आमच्या घरचा परिपाठ आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. पाने खुडून आणणे हे मुलांचे काम, ती पुसून दोऱ्यात ओवणे हे बायकांचे, आणि माळेत एखादे किडके पान आले म्हणून कुरकुर करणे हे आम्हां वडीलधाऱ्यांचे. रथसप्तमीस अर्कपत्रे हवीत, ग्रहशांतीत सूर्याच्या समिधा म्हणून रुईच्या काटक्या हव्यात, मुरगळलेल्या पायावर शेकून बांधावयास रुईचे पान हवे. असे जे झाड जन्मापासून दाराशी उभे, त्याच्याविषयी आपणांस काही शिकावयाचे उरले असेल अशी शंका आम्हांस कधी शिवली नाही. शिवली असती तर एका विद्यार्थ्याला शून्य गुण देण्याचे पाप आमच्या हातून टळले असते.

ती हकीकत आधी सांगतो. आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात. नोकरी मात्र सारी सोलापूर जिल्ह्यात झाली. संस्कृत हा आमचा विषय. परंतु लहान शाळेत शिक्षकाच्या वाट्याला जे येईल ते शिकवावे लागते, त्यामुळे वनस्पतींचे धडेही आमच्याकडे असत. एकदा सातवीच्या वर्गास आम्ही रुईचे फूल आणून त्याचे चित्र काढावयास सांगितले. पुस्तकात आकृती होतीच. पाच पाकळ्या चांदणीसारख्या सपाट पसरलेल्या, रंग फिकट जांभळा. आम्ही कोकणात लहानपणी पाहिलेली रुई हुबेहूब तशीच. बहुतेक मुलांनी फूल पाहण्याची तसदी न घेता ती आकृतीच उतरून काढली व आम्ही त्यांस भरपूर गुण दिले. माळावरच्या धनगरवाडीहून येणाऱ्या एका मुलाने मात्र खरोखरीच फूल आणले होते आणि त्याबरहुकूम चित्र काढले होते. त्याच्या चित्रात पाकळ्या पेल्याच्या कडांसारख्या उभ्या होत्या. खाली पांढऱ्या, टोकांना गडद जांभळ्या.

आम्ही म्हटले, "हे फूल अजून उमललेले नाही. अर्धवट कळी कशाला आणलीस?"

तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या माळावरची रुई अशीच असती. तुमच्या चित्रातली ती वड्याच्या कडंला असती."

वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि वहीवर दहापैकी शून्य लिहिले. त्या मुलाने वाद घातला नाही. फूल मात्र त्याने टाकून न देता खिशात ठेवले, एवढे आमच्या चांगले लक्षात आहे.

या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. आम्ही निवृत्त झालो, आणि चौथ्या वर्षी आमच्या पुतण्याची बदली जोधपुरास झाली. त्याच्या आग्रहावरून फाल्गुनात आम्ही उभयता तिकडे गेलो. एके दिवशी ओसियाँची जुनी मंदिरे पाहण्याचा बेत ठरला. गावाबाहेर वाळूची टेकाडे आहेत. त्यांवर खेजडी म्हणजे आपली शमी, फोगाची विरळ झुडपे, खिंपाचे हिरव्या केरसुणीसारखे ताटवे, आणि जागोजाग रुई. तिला तिकडे आक किंवा आकडो म्हणतात. उन्हाने वाळू तापली होती. शेळ्या सुद्धा सावलीला गेल्या होत्या. अशा जागी हे एकच झाड रुंद, मांसल, पांढुरकी पाने मिरवीत ताठ उभे! ओळखीचे माणूस परगावी भेटावे तसे वाटून आम्ही जवळ गेलो, तो काय? त्या झुडपावर एकही चांदणी नव्हती. सगळी फुले पेल्यासारखी, पाकळ्या उभ्या, टोके जांभळी. भर दुपारचे बारा वाजले होते. या वेळी न उमललेले फूल मग उमलावयाचे केव्हा? आम्ही दुसऱ्या झुडपाकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो. घरची मंडळी मंदिराच्या पायऱ्यांवर वाट पाहत बसली असता आम्ही टेकाडावर फुले न्याहाळीत हिंडत होतो. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी वर येऊन विचारले, "इतके काय हरवले आहे?" काय हरवले होते ते आम्हांस कळले होते, सांगण्याचे धैर्य मात्र सायंकाळपर्यंत झाले नाही.

घरी परतल्यावर आम्ही प्रथम माळ गाठला आणि मग ओढा. त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माळावर राजस्थानातली ती पेल्याची रुई, ओढ्याकाठी कोकणातली चांदणीची. दोन्ही ठिकाणे आमच्या शाळेपासून अर्ध्या कोसाच्या आत.

यातली पहिली जात म्हणजे शास्त्रज्ञांची कॅलोट्रोपिस प्रोसेरा, आणि दुसरी कॅलोट्रोपिस जायगँटिया. प्रोसेरा म्हणजे उंच आणि जायगँटिया म्हणजे राक्षसी, तेव्हा नावावरून कोणी ओळखू म्हणेल तर फसेल. सामान्यतः जायगँटिया अधिक उंच वाढते हे खरे. परंतु ज्या गावी जो येईल तो फांदी तोडून नेतो, तेथे उंचीला विचारतो कोण? आमच्या घरी मुलांनी यांस 'चांदणी रुई' आणि 'पेला रुई' अशी नावे ठेवली आहेत. तीच येथे वापरतो.

पानांवरून या दोघी ओळखता येतील अशी आशा वाचकांनी धरू नये. दोहींची पाने समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच, बुडाशी हृदयाकार होऊन खोडाला बिलगलेली, खालच्या अंगास कापसासारखी पांढरी लव. आमच्या मातोश्रींनी, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, हे सारे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला: "मग इतकी वर्षे मारुतीला कोणत्या झाडाची पाने घातली?" आम्ही उत्तर दिले की, ज्या आठवड्यात मुले ओढ्यावर पोहावयास गेली असतील त्या आठवड्यात चांदणीची आणि ज्या आठवड्यात माळावर पतंग उडवावयास गेली असतील त्या आठवड्यात पेल्याची. त्यांचे समाधान झाले. मारुतीची तक्रार नव्हतीच.

खरी ओळख फुलात आहे. चांदणी रुईचे फूल मोठे, आडवे मोजल्यास इंच ते दीड इंच भरते. त्याच्या पाकळ्या पूर्ण पसरतात, पुष्कळदा मागे झुकतात आणि टोकाशी थोडा पीळही घेतात. पेला रुईचे फूल लहान, इंचाच्या आतबाहेर. पाकळ्या कितीही वेळ गेला तरी उभ्या किंवा तिरप्याच राहतात. फूल नसून नुसत्या कळ्याच असल्या तरी चालते, किंबहुना आम्हांस तर कळी अधिक भरवशाची वाटते. पेला रुईची कळी वाटाण्यासारखी गोल असते. चांदणीची लांबट असून तिला कोन जाणवतात. चिमटीत धरून फिरविली तर बोटाला कडा लागतात. मुलांना डोळे मिटावयास सांगून आम्ही हा प्रयोग केला. दहा कळ्यांपैकी दहाही त्यांनी बरोबर ओळखल्या. आमच्या दोन चुकल्या, कारण आमची बोटे खडूने झिजलेली.

याहून बारीक खूण हवी असल्यास भिंग घ्यावे लागेल. रुईच्या फुलाच्या मध्यभागी सपाट पंचकोनी माथ्याचा एक बुटका स्तंभ असतो, आणि त्याला टेकून पाच मांसल अवयव उभे असतात. प्रत्येकाचे खालचे टोक शेपटीसारखे वर वळलेले असते. यांस मिळून मुकुट म्हणतात. चांदणीत हा मुकुट स्तंभाच्या माथ्याहून खालीच राहतो; त्याच्या अंगावर बारीक लव असते, आणि प्रत्येक अवयवाच्या टोकाखाली दोन्ही बाजूंस बोथट कानासारखे दोन उंचवटे दिसतात. पेल्यात मुकुट माथ्याच्या बरोबरीस येतो, किंवा किंचित वर डोकावतो. अंग तुळतुळीत, आणि कान नाहीत. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या दोन्ही जाती दिलेल्या आहेत. म्हणजे आम्ही ज्या वर्षी त्या मुलाची वही तपासली, त्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान आपल्या इलाख्यात छापून तयार होते!

या स्तंभाची आणखी एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रुईचे पराग इतर फुलांसारखे भुकटीच्या रूपाने सुटे नसतात; ते मेणचट पुडीत बांधलेले असतात, आणि अशा दोन दोन पुड्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा मधासाठी फुलावर बसला की त्याचा पाय फटीत जाऊन चिमटा अडकतो, आणि दुसऱ्या फुलावर जाताना तो ती जोडी तशीच घेऊन जातो. टपालाची पिशवीच म्हणावयाची. ही व्यवस्था दोन्ही जातींत सारखी.

फळांविषयी थोडक्यात. पेला रुईचे फळ कैरीसारखे फुगीर. दाबले तर आत पोकळी असल्याने खळगा पडतो. चांदणीचे बहुधा त्याहून निमुळते. परंतु फळाचा आकार ते किती पिकले यावर बदलतो, म्हणून आम्ही त्यावर फार विसंबत नाही. दोहींतून उन्हाळ्यात ज्या रेशमी म्हाताऱ्या उडतात, त्या एकमेकींपासून ओळखून दाखविणारास आम्ही आमचे भिंग बक्षीस देऊ. मृत समुद्राच्या प्रदेशात पेला रुईच्या या फळास 'सदोमचे सफरचंद' म्हणतात. दिसावयास सुंदर, पण हाती घेताच धूर आणि राख होणारी फळे त्या भागात असल्याचे योसेफस या यहुदी इतिहासकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. ती हीच असावीत असे पुष्कळांचे मत आहे. पेला रुईचा मुलूखच मुळी मोठा: पश्चिम आफ्रिकेपासून सहारा, अरबस्तान, इराण ओलांडून थर आणि तेथून आपल्या दख्खनच्या कोरड्या माळापर्यंत. चांदणी पूर्वेची. हिंदुस्थान, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि त्यापलीकडील देश हे तिचे माहेर. वाळवंटात तिचा पाड लागत नाही. या दोन मुलुखांच्या कडा जेथे एकमेकींवर चढल्या आहेत, नेमक्या त्या पट्ट्यात आपण राहतो, आणि म्हणून घोटाळाही आपलाच.

आता रंगाविषयी. येथे आमचे संस्कृत आमच्याच आड आले हे कबूल केले पाहिजे. अमरकोशात अर्काची नावे सांगून झाल्यावर, तो पांढऱ्या फुलांचा असल्यास त्यास अलर्क व प्रतापस म्हणावे असे दिले आहे. सुश्रुताच्या अर्कादिगणात अर्क व अलर्क ही जोडी आहे. भावप्रकाशात श्वेतार्क व रक्तार्क असे दोन अर्क आहेत. तेव्हा रुई दोन प्रकारची आहे हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते असे आम्ही वर्गात अभिमानाने सांगत असू. आणि घरोघरी ज्याला श्वेत मंदार म्हणून पूजेत मान आहे ती एक जात व जांभळी रुई ती दुसरी, असे आमचे ठाम मत होते. प्रत्यक्ष पाहता प्रकार वेगळाच निघाला. श्वेत मंदाराच्या पाकळ्या पसरलेल्या, कळी कोनदार, मुकुटाला कान आणि लव. म्हणजे तो सर्वांशी चांदणी रुईच! पांढरा मंदार आणि जांभळी चांदणी ही एका आईची दोन लेकरे, एक गोरे, एक सावळे. आणि जिच्या फुलांत पांढरा व जांभळा हे दोन्ही रंग एकत्र आहेत ती पेला रुई मात्र चुलत घराण्यातली. पूर्वजांचे दोन अर्क रंगावरून केलेले. वनस्पतिशास्त्राचे दोन अर्क घडणीवरून केलेले. या जोड्या एकमेकींवर बसत नाहीत. तरीही कित्येक पुस्तकांत अर्क म्हणजे प्रोसेरा आणि अलर्क म्हणजे जायगँटिया असे समीकरण बेधडक मांडलेले असते. मग ओढ्याकाठच्या जांभळ्या चांदणीला कोणत्या रकान्यात बसवावयाचे, याचे उत्तर त्यांत नसते. शिवाय मंदार हे नाव अमरकोशातच पांगाऱ्यालाही दिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. जत्रेत श्वेत मंदाराच्या मुळाचा गणपती म्हणून भलत्याच किमतीला काही विकावयास येते. त्याविषयी आम्ही इतकेच म्हणू की, मुळाला फूल नसते.

आमच्या मनाला थोडा दिलासा मिळाला तो युरोपातील पंडितांचा इतिहास वाचून. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने १५९२ साली ईजिप्तातील रुईचे वर्णन छापले. ती पेला रुई. पुढे १६७८ ते १६९३ या काळात व्हान रीड या डच अंमलदाराने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ काढला, त्यात तिकडची चांदणी रुई चित्रासह आली. या ग्रंथास साहाय्य करणारांत रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते, आणि १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. गोव्याकडील वाचकांस हे वाचून संतोष वाटेल. १७५३ साली लिनियसने जायगँटिया हे नाव दिले. पण पेला रुईला तिचे स्वतंत्र नाव मिळावयास १७८९ साल उजाडावे लागले. एवढा मोठा नामकर्ता, पण त्याच्याकडूनही एक मूल बारशावाचून राहिलेच. १९९८ पासून तर शास्त्रज्ञांनी रुईचे स्वतंत्र कुलही मोडून तिला कण्हेर, तगर व चाफा यांच्या कुलात घातले आहे. चीक पाहता हे नाते जुळण्याजोगे आहेच.

चिकाचा विषय निघाला म्हणून घरातील आयाबहिणींस एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गेल्या श्रावणात आमचा नातू पाने खुडीत असता चीक बोटांना लागला आणि त्याच हाताने त्याने डोळा चोळला. चुरचुरले, थोड्या वेळाने थांबले. दुखत नाही म्हणून कोणी लक्ष दिले नाही. तिन्हीसांजेला तो म्हणू लागला की, दिव्याभोवती धुके दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, हा चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आणतो, आणि वेदना फारशी होत नसल्याने माणूस गाफील राहतो. औषधाने पोर बरे झाले; पण ते आठ दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हांस ठाऊक. चीक डोळ्यात गेल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि दुखो वा न दुखो, डॉक्टरांकडे न्यावे; तूप, दूध, मध असले काही घालू नये. पोटातही घरगुती औषध म्हणून रुई देऊ नये, कारण हृदयावर आघात करणारी द्रव्ये तिच्यात आहेत. या बाबतीत चांदणी आणि पेला असा भेद मुळीच नाही; दोघीही सारख्याच विषारी. आमच्या घरी आता पाने मोठी माणसेच आणतात.

आता राहिला तो विद्यार्थी. त्याचा पत्ता लावावयास वेळ लागला नाही. तो आपल्या गावीच मेंढरे व थोडी शेती करतो. तालुक्याच्या बाजारात त्याची गाठ पडली. केस पिकू लागलेले, खांद्यावर घोंगडी, बरोबर शाळेत जाणारी मुलगी. आम्ही त्यास बाजूला नेऊन सर्व हकीकत सांगितली, आणि त्या दिवशी चूक आमची होती, असे त्याच्या मुलीच्या देखत म्हटले. तो ओशाळून हसला.

"शून्य मिळालं ते ध्यानात हाय गुरुजी. घरी बाबानं मारलंबी हुतं," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "मग आता किती देता?"

जन्माची खोड जात नाही. आम्ही म्हटले, "नऊ. मुकुटाचे कान काढले नव्हतेस."

तो म्हणाला, "माळावरच्या रुईला कान नसत्यात, गुरुजी."

दहापैकी दहा द्यावे लागले.